दोघांच्या घरातली रात्रपाळी

(वासंतिक व्याख्यानमालेत डोंबिवली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, डिमेन्शियावर बोलते, पण फक्त रात्रीबद्दल बोलते. विसरण्याची लक्षणं, तपासण्या, मेंदूला चालना देणारे खेळ, हे सगळं आता वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतूनही येतं. पण ज्या घरात नवरा-बायको दोघंच राहतात, मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत, त्या घराची खरी कसोटी लागते ती रात्री साडेअकरा ते पहाटे पाच या वेळात. त्या वेळेचं कुणी विचारत नाही. नातेवाईक भेटायला येतात ते रविवारी सकाळी. तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले असतात, हसून नमस्कार करतात आणि पाहुणे काकूंना म्हणतात, "छान तर आहेत की! तू उगाच काळजी करतेस." काकू चहा टाकायला आत जातात. त्या रात्रभर झोपलेल्या नसतात.

मी परिचारिका. आयुष्यातली पुष्कळ वर्षं वॉर्डात गेली, आता निवृत्तीनंतर ठाणे ते कल्याण या पट्ट्यात घरोघरी जाऊन वृद्ध रुग्ण बघते. वॉर्डात आम्हाला रात्रपाळी लागायची. सकाळची सिस्टर आली की तिला बेडवार सगळं सांगायचं, वहीत लिहायचं, चार्ज द्यायचा आणि सुटायचं. पाळीचे दिवस भरले की नाइट ऑफ मिळायचा. दोघांच्या घरात ही पाळी सुरू होते तेव्हा सकाळी चार्ज घ्यायला कुणी येत नाही. माझं आजचं सगळं बोलणं त्या चार्ज न सुटणाऱ्या माणसासाठी आहे.

काय होतं नेमकं? दिवे लागायच्या सुमारास माणूस अस्वस्थ होऊ लागतो. या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या, पुन्हा पुन्हा एकच प्रश्न, कपाटातले कपडे काढून पलंगावर मांडणं, दाराच्या कडीशी चाळा. काहींचं हे नऊ-दहापर्यंत शमतं, काहींचं मध्यरात्रीनंतर सुरू होतं. आपल्या गावांत याचं एक खास रूप मला दिसतं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि तेव्हापासून इथल्या माणसांचा दिवस गाडीच्या वेळेनं उजाडतो. रात्री तीनला उठून पँट चढवणारे, खिशात पास चाचपणारे, "डबा झाला का? गाडी चुकेल माझी" म्हणून बायकोवर डाफरणारे गृहस्थ मी डोंबिवलीत अनेक घरांत पाहिले आहेत. बायका "पाणी जाईल, भरायचं राहिलंय" म्हणून उठतात. नाहीतर "मला घरी जाऊ द्या, आई वाट बघत असेल" म्हणत पदर खोचून दाराशी उभ्या राहतात. ज्या घरात उभा संसार केला त्याच घरात उभं राहून त्या घरी जायचं म्हणतात. या आजारात ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या मागे राहतात. दिवसा उजेडात आजूबाजूच्या खुणा माणसाला आजच्या दिवसाशी धरून ठेवतात. रात्री त्या दिसेनाशा होतात, आणि जो काळ अजून शाबूत आहे त्या काळात तो जागा होतो.

हा अनुभव अल्झायमर या नावाहूनही जुना आहे. ज्या बाईच्या तपासणीतून या आजाराची ओळख पटली ती ऑगस्टे डेटर जर्मनीत फ्रँकफर्टला राहत होती. तिचा नवरा कार्ल रेल्वेत कारकून होता, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांसारखंच रेल्वेच्या पगारावर चाललेलं घर. पन्नाशीच्या आतबाहेर ती विसरू लागली, नवऱ्यावर संशय घेऊ लागली. रात्री झोपेना, चादरी घरभर ओढत फिरायची, मध्यरात्री तासन्‌तास ओरडायची. नोव्हेंबर १९०१मध्ये तिला इस्पितळात दाखल केलं आणि डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला तपासलं. एप्रिल १९०६मध्ये ती वारली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी ट्यूबिंगनच्या सभेत तिच्या मेंदूत काय आढळलं ते मांडलं. तिला विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरं आज पुस्तकांत वाचायला मिळतात. कार्लनं त्या रात्री कशा काढल्या याबद्दल फारसं काही मिळत नाही. मला मात्र त्याच्याचबद्दल वाटत राहतं.

आपल्या ठाण्याचं मनोरुग्णालयही १९०१चंच. सव्वाशे वर्षं होत आली तरी "साठी बुद्धी नाठी" म्हणून आपण हा आजार अजून घरातच झाकतो. देशभरच्या मोठ्या पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, साठीपुढच्या शंभरातल्या सात-साडेसात जणांना डिमेन्शिया आहे. एकूण सुमारे ८८ लाख माणसं. प्रत्येकाच्या शेजारी रात्री कुणीतरी जागं असणार, ते धरा.

आता कारण. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. दिवस-रात्रीचं भान तो राखतो आणि ते भान डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर रोज नव्यानं लावून घेतो. नेदरलंड्समधल्या संशोधकांनी १९८५ साली दाखवलं की, उतारवयात या पेशी कमी होतात आणि अल्झायमरमध्ये त्याहून जास्त कमी होतात. म्हणजे घड्याळ दाखवून "अहो, तीन वाजलेत, बघा तरी!" म्हणण्यात अर्थ नाही. भिंतीवरचं घड्याळ त्यांना कदाचित वाचता येईल. तीन म्हणजे झोपायची वेळ, हे आतून सांगणारं यंत्रच बिघडलेलं आहे.

दुसरं कारण अंधार. डोनाल्ड यूअन कॅमेरॉन या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव पुढे भलत्याच प्रयोगांमुळे बदनाम झालं, आणि ते योग्यच झालं. पण १९४१ साली त्यानं केलेलं एक निरीक्षण आपल्या कामाचं आहे. रात्री गोंधळणाऱ्या १६ वृद्धांना त्यानं भर दिवसा अंधाऱ्या खोलीत ठेवलं. थोड्याच वेळात ते रात्रीसारखेच गोंधळले. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, पण त्यातून कळलं ते असं की, दोष दिवसभराच्या थकव्याचा नसतो, आजूबाजूचं काही दिसेनासं होण्याचा असतो. म्हणून सूर्य मावळायच्या आधी घरातले दिवे लावा. पडदे ओढा, कारण रात्री खिडकीच्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि "तो माणूस कोण उभा आहे?" सुरू होतं. कपाटाच्या आरशावर चादर टाका. पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा रात्रभर राहू दे, विजेचं बिल वाढलं तरी. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा आपोआप पेटणारा चार्जिंगचा दिवा खोलीत हवाच. चष्मा आणि कानाचं यंत्र उशाशी, हाताला लागेल असं ठेवा.

अंधाराची दुसरी बाजू म्हणजे दिवसाचा उजेड. आमच्याकडचे दोन खोल्यांचे फ्लॅट, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि माणूस दिवसभर टीव्हीसमोर डुलक्या घेत बसलेला. मग रात्री झोप कुठून येणार? नेदरलंड्समध्येच १२ वृद्धनिवासांत दिवसभर बसण्याच्या खोल्यांत भरपूर प्रकाश ठेवून पाहिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बुद्धीची घसरण थोडी मंदावली, उदासी कमी झाली. गुण थोडाच, पण खरा. त्याच अभ्यासात नुसत्या मेलाटोनिनच्या गोळीनं मन:स्थिती उलट बिघडली, म्हणून ती गोळी आपल्या मनानं आणून देऊ नका. सकाळी चहा झाला की त्यांना बाहेर काढा. ठाण्यात असाल तर तलावपाळीला एक फेरी, कल्याणला काळा तलाव. गुडघे चालत नसतील तर सोसायटीच्या आवारात उन्हात खुर्ची. दुपारची झोप जेवण झाल्यावर अर्धा तास, त्याहून जास्त नाही. चारनंतर चहा नको. संध्याकाळी भांडणाच्या मालिका आणि बातम्यांची आरडाओरड बंद. देवाजवळ दिवा लावणं, शुभंकरोती, रामरक्षा, पूर्वी ज्या घरात जे चालत असेल ते चालू ठेवा. ज्यांना नातवाचं नाव आठवत नाही ते अख्खी रामरक्षा म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा श्वास संथ होतो. मी ते रोज बघते.

इतकं करूनही ते तीनला उठतील. मग काय?

वाद घालू नका. मला ठाऊक आहे, हे सांगणं सोपं आहे. पण "तुम्ही रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली" असं म्हटल्यानं कुणीही परत झोपलेलं मी पाहिलेलं नाही. त्यांना गाडीला जायचंय, तुम्ही अडवताय, म्हणजे तुम्ही शत्रू. आवाज चढतो, हात उगारला जातो, शेजारच्यांचा दिवा लागतो. त्याऐवजी म्हणा, "हो, निघायचंय ना. अजून वेळ आहे, आधी जरा बसा, कोमट दूध देते." संडासला नेऊन आणा. रात्री उठण्यामागे पुष्कळदा लघवीची भावना असते आणि ती त्यांना शब्दांत सांगता येत नाही. मग विचारा, "कुठली गाडी? कोण कोण असतं हो डब्यात?" ते सांगू लागतात. भजनं म्हणणारा ग्रुप, चौथी सीट, मुंब्र्याच्या बोगद्यात डब्यात पडणारा अंधार. बोलता बोलता घाई ओसरते. कुणाला वीस मिनिटं लागतात, कुणाला तास.

"म्हणजे खोटं बोलायचं?" हा प्रश्न मला पुरुष जास्त विचारतात. आयुष्यभर सचोटीनं राहिलेली माणसं असतात. बायको रोज रात्री म्हणते, "मला आईकडे जायचंय." आई जाऊन चाळीस वर्षं झाली. खरं सांगितलं तर ती बातमी ती पहिल्यांदा ऐकते आणि हंबरडा फोडते. उद्या रात्री पुन्हा पहिल्यांदा. हे सत्य रोज सांगण्यात कुणाचं भलं आहे? अमेरिकेत क्लीव्हलँडच्या वृद्धाश्रमात काम करताना नेओमी फाइल यांनीही आधी वृद्धांना वास्तवात आणायचा खटाटोप केला. मग तो सोडून त्या भावनेला दुजोरा देऊ लागल्या आणि तीच त्यांची पद्धत झाली. आई हवी आहे, ही गोष्ट खरी आहे. भीती खरी आहे. त्या खऱ्या गोष्टीला उत्तर द्या: "आईची आठवण येते ना? काय करायच्या गं त्या तुझ्या आवडीचं?" यात तुम्ही एकही खोटा शब्द बोललेला नाहीत.

याहून अवघड रात्र वेगळी. ते उठतात, शेजारी झोपलेल्या तुमच्याकडे बघतात आणि म्हणतात, "बाई, तुम्ही कोण? माझी बायको कुठे आहे?" बायको शोधतायत ते पंचविशीची, लांब वेणीची. समोर पांढऱ्या केसांची बाई. काकू मला हे सांगतात तेव्हा दुसरीकडे बघून सांगतात. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर आपल्याच पलंगावर आपण परक्या ठरतो, हे दुःख कुठल्याही सल्ल्यानं जात नाही आणि जावं असं मी म्हणणारही नाही. करता येण्यासारखं एवढंच आहे: त्या क्षणी हक्क सांगू नका. उठून बाहेर या, दुसऱ्या खोलीत दिवा लावा आणि तिथून नेहमीच्या आवाजात हाक मारा, "अहो, झोपला नाहीत अजून?" चेहरा हरवला तरी आवाज बराच काळ ओळखीचा राहतो. त्याच खोलीत वेगळी खाट टाकणंही पुष्कळांना उपयोगी पडतं. खाट वेगळी केली म्हणजे नातं तोडलं असं वाटून घेणाऱ्या बायकांना मी एवढंच सांगते की, तुम्ही झोपलात तरच उद्या त्यांना हातानं भरवाल.

आता कान देऊन ऐका असा मुद्दा. रात्रीचा गोंधळ हळूहळू, महिन्या-महिन्यानं वाढला तर तो आजाराचा. पण दोन दिवसांत एकाएकी वाढला, माणूस बडबडू लागला, हवेत काही पकडू लागला, किंवा उलट सुस्त पडून राहिला, तर त्याला "आजार वाढला" म्हणू नका. त्याला डेलिरियम म्हणतात आणि त्यामागे नवीन कारण असतं: लघवीचा संसर्ग, छातीत कफ, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, न सांगितलेलं पडणं. म्हाताऱ्यांना संसर्गात ताप येतोच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपले फॅमिली डॉक्टर, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, जे जवळ असेल ते. कारण सापडलं की हा गोंधळ पुष्कळदा उतरतो.

औषधांकडेही याच नजरेनं बघा. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिन असतं. मेंदूतलं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन ते अडवतं, आणि डोनेपेझिल ही डिमेन्शियाची गोळी नेमकं तेच रसायन टिकवायला दिलेली असते. एका सर्दीपायी चार रात्री जातात. डोनेपेझिल रात्री घेतल्यानं कुणाला भयंकर स्वप्नं पडतात. सकाळी दिली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. बीपीसाठी लघवीची गोळी असेल तर ती संध्याकाळी आहे का तेही विचारा. आणि झोपेच्या गोळीचा आग्रह धरू नका. अल्प्राझोलामनं माणूस झोपतो कमी आणि अर्धवट गुंगीत उठून पडतो जास्त. खुब्याचं हाड मोडलं की सगळं घर मोडतं. भास-आक्रमकतेवर जी औषधं देतात त्यांच्यामुळे डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ साली दिला. कधी कधी ती द्यावी लागतात, मी नाही म्हणत नाही. पण डॉक्टरांनी, थोडी, थोड्या काळासाठी. ज्यांना सुरुवातीपासून माणसं-प्राणी दिसतात आणि हातपाय ताठरतात त्यांना लेवी बॉडी प्रकार असू शकतो, आणि हॅलोपेरिडॉल त्यांना फार घातक ठरतं. हे लक्षण डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दाराबद्दल थोडक्यात. कडी नेहमीच्या उंचीवर नको, अगदी वर किंवा अगदी खाली लावा, आणि दार उघडलं की वाजेल अशी घंटी बसवा. त्यांना एकटं कोंडून बाहेर जाऊ नका. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद. वॉचमनला त्यांचा फोटो आणि तुमचा नंबर द्या. यात लाजण्यासारखं काही नाही. शर्टाच्या आत नाव आणि फोन शिवून ठेवा. निसटले तर आपल्याकडे पाय बहुधा स्टेशनकडेच वळतात. पोलिसांचा ११२ आणि रेल्वेचा १३९, दोन्ही लगेच लावा, नातेवाइकांना कळवायचं नंतर.

आणि आता ज्यांची पाळी सुटत नाही ते. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्ध जोडीदारांची चार वर्षं नोंद ठेवली होती. जोडीदाराची सेवा करताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यातला मृत्यूचा धोका सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण "आई करतेय ना सगळं" हे वाक्य मी फार ऐकते. आई करतेय, आणि तिची साखर वाढलीय, तिचा स्वतःचा मोतीबिंदू दोन वर्षं राहिलाय. पुरुषांची तऱ्हा वेगळी. बायकोला साडी नेसवायला, नाडी बांधायला शिकलेले काका मी पाहिले आहेत, पण ते मदत मागत नाहीत. रात्री तिनं त्यांना मारलं हे ते कुणालाच सांगत नाहीत. आणि कधी स्वतःचा हात उठला तर तेही सांगत नाहीत. सांगा. चार रात्री न झोपलेल्या माणसाचा तोल जातो, त्यात तुमचं मन वाईट ठरत नाही, पण त्याच दिवशी मदत आणली पाहिजे. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ चालते. रात्री टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तो चोवीस तास उपलब्ध असतो, मराठीतून बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे सांभाळणाऱ्यांनी स्वतःसाठी जावं. अल्झायमरच्या कुटुंबांसाठी १९९२पासून काम करणाऱ्या एआरडीएसआय या राष्ट्रीय संस्थेची मुंबईतही शाखा आहे.

ब्युरोच्या मावशी रात्री आठ ते सकाळी आठ मिळतात. परवडत असेल तर आठवड्यातून दोन रात्री ठेवाच. पहिल्या रात्री मावशींना नुसतं "लक्ष ठेवा" म्हणू नका. वॉर्डात आम्ही चार्ज द्यायचो तसा द्या: किती वाजता उठतात, काय म्हणून हाक मारलेली आवडते, कुठल्या विषयानं शांत होतात, कशानं भडकतात. वहीत लिहून ठेवा. तीच वही डॉक्टरांनाही दाखवा. त्यांना तुमच्या "रात्री फार त्रास देतात" यापेक्षा ती जास्त कळेल. एक वेळ अशी येते की दोघांच्या घरात हे झेपत नाही, आणि पूर्ण वेळ सांभाळणाऱ्या केंद्राचा विचार करावा लागतो. तो केला म्हणून कुणी पतिव्रता कमी ठरत नाही. कुणी नवरा कमी ठरत नाही.

ज्यांना पैसे परवडत नाहीत त्यांच्यासाठी नात्यातली, शेजारातली माणसं आहेत. इथे ज्येष्ठ नागरिक संघांची मंडळी बसली आहेत. सहलींची यादी तुम्ही उत्तम करता, तशी रात्रींची यादी करा. मुलांनो, सुनांनो, जावयांनो, फळं घेऊन रविवारी सकाळी येऊ नका. शनिवारी रात्री या. आईला तुमच्या घरी झोपायला पाठवा आणि बाबांच्या खोलीत तुम्ही झोपा. रविवारी तुम्हालाही गाडी गाठायची नसते.